ध्रुवीय रात्रीचा मुक्काम : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

अंटार्क्टिकातला हिवाळी मुक्काम शेवटचे जहाज परत फिरले की सुरू होतो. तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या चार महिन्यांत विमाने येतात, जहाजे इंधन आणि धान्य उतरवतात, स्थानकांवर वर्दळ असते. मार्चमध्ये समुद्र गोठू लागतो आणि मागे राहिलेली माणसे पुढचे सात-आठ महिने तिथेच राहतात. भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन स्थानके बारमाही चालतात. प्रत्येक ठिकाणी हिवाळ्यात साधारण दोन डझन माणसे असतात. मैत्री ७०°४५′ दक्षिण अक्षांशावर, शिर्माखर ओअ‍ॅसिस नावाच्या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्यात आहे. तिथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मावळलेला सूर्य जुलैच्या उत्तरार्धात उगवतो. प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवावर रात्र सहा महिन्यांची असते.

उपकरणे आपली आपण नोंदी घेऊन उपग्रहामार्फत पाठवू शकतात. मग इतक्या माणसांना त्या अंधारात ठेवायचे कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. शास्त्रचर्चेच्या जुन्या रीतीने त्याच्या दोन बाजू पुढे मांडल्या आहेत. पूर्वपक्ष म्हणतो, ठेवू नये. उत्तरपक्ष म्हणतो, ठेवावे. या रीतीत पूर्वपक्ष बहुधा खोडून काढण्यासाठीच उभा केला जातो. इथे तसे करता येणार नाही, कारण त्याच्या म्हणण्यातले पुष्कळसे खरे आहे.

पूर्वपक्ष : या मुक्कामाचा इतिहासच पाहावा. ‘बेल्जिका’ हे जहाज १८९८ च्या मार्चमध्ये बेलिंग्सहाउसन समुद्रातल्या बर्फात अडकले ते वर्षभर सुटले नाही. दक्षिण ध्रुववृत्ताच्या आत माणसाने काढलेला तो पहिला हिवाळा. जूनमध्ये एमिल डांको हा अधिकारी वारला, बाकीच्यांना स्कर्व्हीने ग्रासले, काही खलाशांचे मानसिक संतुलन ढळले. पुढच्याच वर्षी केप अडेअर येथे दहा जणांनी खुद्द खंडावर पहिला हिवाळा काढला. त्यांतला निकोलाय हान्सन हा प्राणिशास्त्रज्ञ ऑक्टोबरात मरण पावला आणि त्या खंडावर पुरला गेलेला पहिला माणूस ठरला. १९११ च्या भर हिवाळ्यात स्कॉट या ध्रुवसंशोधकाच्या मोहिमेतले तिघे सम्राट पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले. उणे ६० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत पाच आठवडे काढून त्यांनी तीन अंडी आणली. ज्या सिद्धान्तासाठी हा खटाटोप केला, तो त्या अंड्यांवरून सिद्ध झाला नाही.

उत्तरपक्ष : अंड्यांपुरते म्हणणे मान्य आहे. पण बेल्जिकावरच फ्रेडरिक कुक हा डॉक्टर होता. त्याने आजाऱ्यांना पेंग्विन आणि सीलचे ताजे मांस खायला लावले, रोज ठरावीक वेळ धगधगत्या शेगडीपुढे बसवले, आणि अंधाराचा शरीरावर व मनावर काय परिणाम होतो याची टिपणे ठेवली. माणसे त्या मांसाने सावरली. शिवाय आजचा मुक्काम त्या धाडसी परंपरेतून आलेला नाही. तो आला १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षातून. त्या वर्षासाठी बारा देशांनी अंटार्क्टिकात निरीक्षणे केली. १९५७ मध्ये अठरा माणसांनी प्रथमच दक्षिण ध्रुवावर हिवाळा काढला आणि सप्टेंबरात उणे ७४.५ अंश तापमान नोंदवले. ध्रुवावर माणूस हिवाळ्यात तगतो की नाही, हे त्याआधी कोणालाच ठाऊक नव्हते. तिथून पुढे हिवाळ्याची नोंद वर्षानुवर्षे सलग ठेवणे हेच मुक्कामाचे काम झाले.

भारत या कामात १९८० च्या दशकात आला. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली मोहीम ‘पोलर सर्कल’ या जहाजातून डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाला पोहोचली. तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे स्थानक उभे राहिले आणि १९८४ मध्ये बारा भारतीयांनी तिथे पहिला हिवाळा काढला. हे स्थानक तरंगत्या बर्फाच्या थरावर होते. साचणाऱ्या बर्फात ते हळूहळू गाडले गेले आणि सोडून द्यावे लागले. म्हणून मैत्री खडकावर, खांबांवर उभारलेली आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली भारती पूर्वेकडे लार्समन टेकड्यांत आहे. तिचा सांगाडा मालवाहू कंटेनर जोडून केला आहे. या सगळ्याचा कारभार वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

हिवाळ्यात स्थानक म्हणजे आधी एक यंत्र असते. जनरेटर चालू असतील तरच उष्णता, पाणी, दिवे आणि संपर्क. मैत्रीचे इंधन जहाजाने येते, पण जहाज लागते ते बर्फाच्या कड्याला. तिथून स्थानक सुमारे १०० किलोमीटर आत आहे. रुंद पट्ट्यांवर चालणाऱ्या पिस्टेन बुली वाहनांमागे स्लेज जोडून, त्यांवर टाक्या लादून, ताफ्याने ते आत आणावे लागते. मैत्रीला पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तलावातून मिळते. तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी खाली पाणी असते. पंप आणि नळ मात्र गरम ठेवावे लागतात. नळ एकदा आतून गोठला की तो मोकळा करायला वादळातही बाहेर जावे लागते.

थंडीपेक्षा आगीची भीती मोठी असते. हवा कमालीची कोरडी, इमारती बंदिस्त, आणि विझवायचे पाणी गोठलेले. १२ एप्रिल १९८२ रोजी व्होस्तोक या सोव्हिएत स्थानकाच्या वीजघराला आग लागून एक यंत्रकामगार मेला. मुख्य जनरेटर गेले. जगातल्या सर्वांत थंड ठिकाणी उरलेल्या वीस जणांनी जुळवाजुळव करून बनवलेल्या शेगड्यांच्या आधाराने हिवाळा काढला. पुढच्याच वर्षी, २१ जुलै १९८३ रोजी, याच स्थानकावर उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. शेगडीचा दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा असतो. अमेरिकेचा रिचर्ड बर्ड १९३४ चा हिवाळा एका झोपडीत एकट्याने काढत होता. धुराड्यातून नीट बाहेर न जाणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने तो मरणाच्या दारात पोहोचला. ऑगस्टमध्ये तिघांनी अंधारातून जाऊन त्याला वाचवले. १९९० च्या जानेवारीत, म्हणजे उन्हाळ्यातच, याच वायूने हम्बोल्ट पर्वतातल्या तंबूत चार भारतीयांचा जीव घेतला.

पूर्वपक्ष : हीच तर गोम आहे. तुकडीत वैज्ञानिक किती आणि जनरेटर, वाहने, वीज, नळ, बिनतारी, स्वयंपाक सांभाळणारे किती? तुकडीचा मोठा भाग दुसऱ्यांना जिवंत ठेवण्यासाठी तिथे असतो, आणि त्यांना जिवंत ठेवण्यासाठी आणखी इंधन आणि आणखी माणसे लागतात. ब्रिटनने हे चक्र तोडून दाखवले आहे. ब्रंट या हिमफलकातली भेग वाढत चालली, तेव्हा त्यांनी हॅली स्थानक २३ किलोमीटर आत हलवले आणि २०१७ पासून तिथे हिवाळ्यात माणसे ठेवणे बंद केले. २०१९ पासून एका लहान टर्बाइनच्या विजेवर उपकरणे हिवाळाभर चालू लागली. ओझोन मोजण्याचे यंत्रही माणसाविना चालेल असे केले. २०२१ मध्ये त्या हिमफलकाचा १,२७० चौरस किलोमीटरचा आणि २०२३ मध्ये १,५५० चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला. दोन्ही वेळा कोणाच्या जिवाला धोका झाला नाही. आकाशाकडे तोंड करून नोंद घेणाऱ्या यंत्राला झोप लागत नाही आणि घरची आठवणही येत नाही.

हा पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा आहे. हॅली हे काही साधे स्थानक नव्हे. ओझोनच्या छिद्राचा शोध तिथल्याच नोंदींतून लागला.

उत्तरपक्ष : ओझोनचा विषय निघालाच आहे, तर तो शोध कसा लागला तेही पाहू. हॅलीतले निरीक्षक १९५० च्या दशकापासून डॉब्सन यंत्राने वरच्या हवेतला ओझोन मोजत आले. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये त्या नोंदी मांडून दाखवले की वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने घटतो आहे. त्या आधी उपग्रहांनीही कमी आकडे टिपले होते, पण संस्करणात ते संशयास्पद म्हणून बाजूला पडले होते. आकडा विचित्र आला की यंत्र बिघडले की आकाशच बदलले, हे जागेवरचा माणूस तपासून पाहतो. हिवाळा यात का महत्त्वाचा, तेही सांगायला हवे. ओझोनचा नाश सूर्य परतल्यावर होतो, पण त्याची तयारी अंधारात चालते. वरची हवा उणे ७८ अंशांच्या आसपास उतरली की तिथे विशिष्ट ढग बनतात आणि त्यांच्या कणांवर क्लोरिन मोकळा व्हायला सज्ज होतो. हे उमजायचे तर हिवाळाभर फुगे सोडून वेगवेगळ्या उंचींवरचा ओझोन मोजावा लागतो. मैत्रीवर भारतीय हवामान विभागाचे लोक हे करतात. वादळी वाऱ्यात मोठा फुगा भरून, तो न फाटता, उपकरणासकट वर सोडणे हे हातांचे काम आहे.

पूर्वपक्ष : फुगे सोडणारी स्वयंचलित यंत्रेही जगात आहेत. अंटार्क्टिकाच्या वाऱ्यात ती टिकवणे अवघड असेल, अशक्य नाही.

उत्तरपक्ष : मग चुंबकाचे उदाहरण घेऊ. ते महाराष्ट्राच्या जवळचे आहे. मैत्रीवरची भूचुंबकीय वेधशाळा पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे. या संस्थेचे मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय निरीक्षण अलिबागला हलवले, आणि अलिबागची नोंद १९०४ पासून आहे. अशा नोंदीत दोन वेगळी कामे असतात. एक उपकरण चुंबकीय क्षेत्रातला क्षणाक्षणाचा फरक टिपते. ते आपोआप चालते. पण ज्या पायापासून फरक मोजायचा तो पायाच सरकत असतो. तापमान बदलते, उपकरणाचा खांब किंचित कलतो. म्हणून दर काही दिवसांनी माणसाला चुंबकरहित धातूच्या थिओडोलाइटने क्षेत्राची दिशा स्वतः मोजून हा पाया नव्याने बांधावा लागतो. मोजणाऱ्याने खिशातली चाकू-किल्ली, पट्ट्याचे बक्कल, लोखंडी खिळे असलेले बूट असे सगळे काढून ठेवायचे असते. हे वेध आपोआप घेणारी यंत्रे अजून फारच थोडी आहेत. अलिबागला हे काम सुती सदऱ्यात होते. मैत्रीला तेच काम हिमवादळातून दोर धरून झोपडीपर्यंत जाऊन, हातमोजे अर्धवट उतरवून करावे लागते. ते चुकले तर वर्षभराचे फरक जागच्या जागी राहतात, पण ते कशापासूनचे फरक, हे कळेनासे होते.

या उत्तरापुढे पूर्वपक्षाला थोडे मागे यावे लागते. पण त्याचा मूळ मुद्दा, म्हणजे माणसांची संख्या, अजून उभाच आहे. जर्मनीच्या नॉयमायर तीन या स्थानकावर साधारण नऊ माणसांत हिवाळा काढला जातो. त्यांत डॉक्टर, स्वयंपाकी, तंत्रज्ञ आणि वैज्ञानिक सगळे आले.

दिवसाचा क्रम अंधारात घड्याळावर चालतो. सूर्य नसला तरी न्याहारी, काम, जेवण यांच्या वेळा कसोशीने पाळल्या जातात, कारण वेळा मोडल्या की झोप मोडते आणि झोप मोडली की माणूस इतरांपासून तुटू लागतो. स्वयंपाकघरातली मदत, भांडी, सफाई यांच्या पाळ्या असतात आणि त्यांतून वैज्ञानिकही सुटत नाहीत. बाहेर जाताना नाव, वेळ आणि ठिकाण नोंदवून जोडीने जायचे, ही शिस्त आहे. वादळात बर्फाची भुकटी इतकी उडते की पसरलेला हात दिसत नाही. म्हणून इमारतींमध्ये दोर बांधलेले असतात आणि ते सोडायचे नसतात. हवा कोरडी असल्याने ओठ आणि बोटांची टोके फुटतात. दाराच्या मुठीला हात लावला तरी स्थिर विजेचा झटका बसतो.

खाण्याचे दुःख वजनाचे नाही, ताजेपणाचे आहे. धान्य, डाळी, दुधाची भुकटी, गोठवलेले जिन्नस वर्षभर पुरतात. बाहेरची थंडी शीतगृहाचे काम फुकट करते. हिरवी भाजी आणि फळे मात्र आधी संपतात. त्यांची उणीव किती जाणवते हे नॉयमायर तीनवर २०१८ मध्ये दिसले. तिथे मातीविना भाजीपाला पिकवणारा एक बंदिस्त मळा चालवून एका हंगामात २६८ किलो काकड्या, टोमॅटो, पालेभाज्या वगैरे काढल्या गेल्या. त्या ताटात पडल्या आणि तुकडीलाही हव्याशा वाटल्या.

पूर्वपक्ष : काकडीसाठी आसुसलेला माणूस हे दुःखाचे चित्र आहे, यशाचे नव्हे. आणि मन? हिवाळ्यात झोप बिघडते, चिडचिड वाढते, नजर शून्यात लागते, बोलता बोलता शब्द हरवतात. थायरॉइडच्या टी-थ्री या संप्रेरकाच्या वापरातही बदल होतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॉयमायर तीनवर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांची तपासणी केली होती. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमधल्या डेन्टेट जायरस या भागाचे आकारमान सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी घटलेले आढळले. विज्ञानासाठी माणसाच्या मेंदूतला भाग खर्च करायचा का?

उत्तरपक्ष : नऊ जणांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढणे घाईचे आहे. तो अभ्यास नेमका इशारा म्हणून घ्यावा. पण दुसरी बाजूही मोजलेली आहे. हिवाळी मुक्काम केलेल्या अमेरिकन नौसैनिकांची तुलना तशाच, पण न गेलेल्या नौसैनिकांशी केली, तेव्हा परतल्यानंतरच्या वर्षांत गेलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी आली होती. कठीण प्रसंग निभावल्याने माणूस काही कमावतो, हे नुसते बोलायचे वाक्य नाही. मध्यापेक्षा मुक्कामाचा तिसरा चतुर्थांश जड जातो, असाही एक समज आहे. काही तुकड्यांत तो दिसतो, काहींत नाही. माणसाचे मन एका साच्याचे नसते.

पूर्वपक्ष : जे टिकले त्यांचीच मोजणी होते. १९८४ च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाच्या अल्मिरांते ब्राउन स्थानकाच्या डॉक्टरला आणखी एक हिवाळा राहण्याचा हुकूम मिळाला, आणि त्याने स्थानकच पेटवून दिले. आणि स्त्रियांचे काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने अंटार्क्टिका कार्यक्रमातल्या लैंगिक छळाला गंभीर समस्या म्हटले. ज्या जागेतून बाहेर पडायला दार नाही, तिथे तक्रार करणारीला त्याच माणसांबरोबर जेवायला बसावे लागते.

उत्तरपक्ष : यावर प्रतिवाद नाही. हे दूर करणे संस्थांचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी स्त्रियांना घरी ठेवणे हा उपाय नव्हे. इस्रोच्या मंगला मणी २०१६ च्या नोव्हेंबरात भारतीला गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. तेव्हा त्या ५६ वर्षांच्या होत्या आणि २३ जणांच्या तुकडीत एकट्या स्त्री. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह दिवसाच्या १४ फेऱ्यांपैकी बहुतेक फेऱ्यांत भारतीच्या टापूत येतात. त्या उपग्रहांची माहिती उतरवून घेणे हे मणी यांचे काम होते. योग्य माणूस निवडणे आणि तयार करणे यातच मुक्कामाचे अर्धे यश असते. भारतीय तुकडीच्या शारीरिक आणि मानसिक चाचण्या होतात आणि उत्तराखंडातल्या औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावर वावरण्याचे प्रशिक्षण दिले जाते. माणसे एकमेकांत किती मिसळतात याचा एक नाजूक पुरावा आवाजात सापडला. ब्रिटनच्या रोदेरा स्थानकावर हिवाळा काढणाऱ्या अकरा जणांचे उच्चार काही महिन्यांत किंचित एकमेकांकडे सरकल्याचे २०१९ च्या एका अभ्यासात आढळले.

वादाचा गाभा आजारपणात आहे. हिवाळ्यात रोग्याला बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते, आणि डॉक्टरलाही आजार होतो. मैत्रीपासून काही किलोमीटरवर, त्याच ओअ‍ॅसिसमध्ये, नोवोलाझारेवस्काया हे रशियन स्थानक आहे. १९६१ च्या जानेवारीत ते सुरू झाले. एप्रिलच्या शेवटी तिथला २७ वर्षांचा डॉक्टर लिओनिद रोगोझोव पोटाच्या दुखण्याने कण्हू लागला. निदान त्याने स्वतःच केले : अपेंडिक्स. तुकडीत तेरा जण होते आणि डॉक्टर तो एकटाच. दुसरे सोव्हिएत स्थानक दीड हजारांहून अधिक किलोमीटरवर होते आणि हवामान उड्डाणाचे नव्हते. ३० एप्रिलच्या रात्री त्याने पोटाला भुलीचे इंजेक्शन देऊन स्वतःवर शस्त्रक्रिया केली. हवामानशास्त्रज्ञाने जखमेच्या कडा ओढून धरल्या, यंत्रकामगाराने आरसा धरला. आरशात उलटे दिसते म्हणून तो बराच वेळ स्पर्शावर विसंबून राहिला, त्यासाठी त्याने हातमोजेही घातले नव्हते. दर चार-पाच मिनिटांनी चक्कर ओसरेपर्यंत थांबत, पावणेदोन तासांत त्याने अपेंडिक्स काढले आणि टाके घातले. दोन आठवड्यांनी तो कामावर होता.

पूर्वपक्ष : हे शौर्य आहे, आणि ते अंगावर पडल्यामुळे करावे लागले. व्यवस्था अशी असावी की कोणाला असे शौर्य करावेच लागू नये. १९९९ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या डॉक्टर जेरी नील्सन यांना स्वतःच्या स्तनात गाठ सापडली. जुलैच्या अंधारात विमानाने औषधे वरून टाकावी लागली आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांना बाहेर काढता आले नाही.

उत्तरपक्ष : त्यातून व्यवस्था शिकली. हिवाळ्याला जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरला आधीच अपेंडिक्स काढून घ्यावे लागते. एप्रिल २००१ मध्ये एक लहान ट्विन ऑटर विमान ध्रुवावर उतरले आणि आजारी डॉक्टरला घेऊन आले. जून २०१६ मध्ये, ऐन ध्रुवीय रात्रीत, असे पुन्हा केले गेले.

पूर्वपक्ष : ध्रुवावर. मैत्रीला तशी खात्री कोणी दिली आहे?

या प्रश्नाला उत्तरपक्षाजवळ पुरेसे उत्तर नाही, आणि वादात हे नोंदवून ठेवले पाहिजे. जून-जुलैत मैत्रीतल्या माणसाला मोठी शस्त्रक्रिया लागली, तर ती तिथल्याच हातांनी आणि साधनांनी करायची आहे, असे धरूनच तुकडी पाठवली जाते.

घराशी संबंधाचे स्वरूप मात्र पार बदलले आहे. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीत टपाल कार्यालय सुरू झाले, तेव्हा पत्रांची ने-आण जहाजाच्या फेरीवर अवलंबून होती. आज उपग्रहामुळे बोलता येते, संदेश पाठवता येतात. तरी २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतीवरही टपाल कार्यालय उघडले आणि त्याला महाराष्ट्र परिमंडळाच्या वतीने एमएच-१७१८ हा प्रायोगिक पिनकोड मिळाला. हातात येणाऱ्या कागदाचे मोल तिथे कमी झालेले नाही. संपर्क वाढल्याचा भारही आहे. पूर्वी घरची वाईट बातमी उशिरा कळायची. आता ती लगेच कळते, पण निघता येत नाही. आई गेली तरी अंत्यदर्शनाला जाता येणार नाही, हे मनाशी पक्के करूनच माणूस मार्चमध्ये मागे राहतो. या मुक्कामाची खरी किंमत थंडीत नाही, इथे आहे.

२१ जूनचा दिवस सगळ्या स्थानकांवर सणाचा असतो. रात्र सर्वांत खोल गेलेली असते, आणि तिथून सूर्य परतीला लागतो. मध्यहिवाळ्याची मेजवानी विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटच्या पहिल्या मोहिमेतही होती. आज सर्व देशांची स्थानके त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छांचे संदेश आणि तुकडीची छायाचित्रे पाठवतात. ज्यांना प्रत्यक्ष भेटणे अशक्य आहे अशा शेजाऱ्यांचा हा सण आहे. मैत्रीत जुलैच्या उत्तरार्धात क्षितिजावर आधी लाल कड दिसते, मग काही मिनिटांपुरता सूर्य. ऑगस्ट-सप्टेंबरात थंडी कायम असते, पण प्रकाश झपाट्याने वाढतो, आणि वरच्या हवेत ओझोन घटू लागलेला असतो. फुगे सोडण्याचे महत्त्वाचे दिवस हेच.

दोन्ही बाजू ऐकल्यावर निर्णय उत्तरपक्षाच्या बाजूने द्यावा लागतो, पण पूर्वपक्षाच्या अटी मान्य करून. ज्या नोंदी माणसाविना तितक्याच विश्वासाने होतात, त्या यंत्रांवर सोपवाव्यात आणि तुकडी लहान करावी. परतलेल्यांची झोप, स्मरण आणि मन यांची तपासणी काही वर्षे चालू ठेवावी, कारण त्यांनी काय दिले हे त्याशिवाय कळणार नाही. तक्रार ऐकणारी व्यक्ती स्थानकाबाहेरची, मुख्य भूमीवरची असावी. एवढे झाले तरी मैत्रीत आणि भारतीत हिवाळ्यात काही माणसे लागतीलच, निदान चुंबकीय नोंदीचा पाया माणसाचा हात बांधतो तोवर.

नोव्हेंबरात केप टाउनहून येणारे विमान उतरते, नवी तुकडी येते आणि जुनी निघायच्या तयारीला लागते. त्या दिवसापर्यंत जुन्या निरीक्षकाने ठरल्या दिवशी वेध घेतलेले असतात, आणि पनवेलला पोहोचलेल्या त्याच्या नोंदीत मार्च ते नोव्हेंबर एकही आठवडा कोरा नसतो.